खाली गोळीचं लिहिलं होतं

पोशेरा, ता. मोखाडा
२९ ऑगस्ट २०२४

सौ. पुष्पलताताईस,
रंजनाचा नमस्कार.

नाशिकहून आल्यापासून लिहीन लिहीन म्हणते आहे. मोखाड्याला उतरले तेव्हा ढवळूची जीप उभीच होती, त्यामुळे घरी नीट पोचले. पण डोक्यात सगळा गोंधळ झाला आहे.

दुखणं पायांचं. डॉक्टरबाईंनी पाय बघितले ते थोडाच वेळ. मग छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, डोळ्यांत थेंब टाकून आतून बघितलं, रक्त घेतलं, आणि लहानपणी कांजण्या आल्या होत्या का ते विचारलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पाय दाखवायला गेलीस का लग्नाला दाखवायला? काय बी शिल्लक ठेवलं नाय." खूप हसल्या. मग मला म्हणाल्या, कांजण्या आल्या होत्या हे सांगितलंस ना?

आजाराचं नाव मी पाठ केलं आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस, त्यातला हळूहळू वाढत जाणारा. वायरीवरचं रबर झिजलं की करंट पुढे पोचत नाही, तसं नसांचं झालं आहे, हे मला कळलं. मी विचारलं, गोळीनं रबर परत येईल का? तर म्हणाल्या, गेलेलं येत नाही, पुढे जाणारं कमी व्हावं म्हणून गोळी. ताई, मग मी बरी होणार की नाही होणार? तू शेजारी बसली होतीस. तुला काय वाटलं?

आणि फोनचं म्हणशील तर रेंज वरच्या टेकडीवरच आहे. मी काही चढत नाही. मागे शेजारच्या मंगळीला तुझ्याशी बोलायला वर पाठवलं होतं, आठवतं? तू सांगितलंस, रक्त द्यायला उपाशी पोटी ये. तिनं खाली येऊन सांगितलं, भरपूर खाऊन जा, रक्त काढणार आहेत. तेव्हा आपण ठरवलं तेच बरं. दवाखान्याचं जे असेल ते कागदावर, ढवळूच्या हाती. मला वाचायला फार उशिरा आलं, त्यामुळे मी एक शब्द सोडत नाही. तू लिहिलेलं दोनदा वाचते.

तुझी
रंजना


जव्हार
३ सप्टेंबर २०२४

चि. रंजनास,
अनेक आशीर्वाद.

तू विचारतेस मला काय वाटलं. मला वाटलं की डॉक्टरबाई फार भराभर बोलतात. मी ऑफिसात रोज सरकारी कागद वाचते, पण तिथे माझीही मती गुंग झाली. म्हणून काल दवाखान्यातल्या सिस्टरांना फोन केला आणि मी तुझी मावसबहीण असं सांगून पुन्हा विचारलं. सांगितलं ते असं.

ही गोळी सुरुवातीला हृदयाचे ठोके हळू करते, म्हणून पट्टी काढली. डोळ्याच्या आत सूज आणू शकते, म्हणून डोळे. अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी करते, म्हणून कांजण्यांची चौकशी. रक्तातून असंही बघतात की गोळी तुझ्या अंगात किती वेळ टिकते, त्यावरून किती ताकदीची द्यायची ते ठरतं. तुझं सगळं ठीक आलं आहे. फक्त नाडी मुळातच हळू आहे, तेव्हा पहिली गोळी तिथेच घ्यायची आणि तिथेच बसायचं.

पहिल्या पाकिटात बारक्या गोळ्या, रोज थोडी थोडी वाढत जाणाऱ्या. वर दिवसाचे आकडे छापलेले असतात. पाकीट संपलं की मोठी गोळी, रोज एक. बारक्यांतली एक जरी चुकली तरी पहिल्यापासून. पुढेही खंड पडला तर आपल्या मनानं सुरू करायची नाही, आधी कळवायचं. एक राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. ताप आला, लघवीला जळजळ झाली, धुरकट दिसलं, तर कळव. कसली लस टोचायला कोणी आलं तर आधी विचार. आणि भगतानं झाडपाल्याचं काही दिलं तर तेही लपवू नकोस. तुझ्या सासूबाईंना हे वाच.

बरी होशील का, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

तुझी
ताई


पोशेरा
२० सप्टेंबर २०२४

ताईस,
नमस्कार.

गोळी सुरू झाली. सुनेचे दिवस भरत आल्यामुळे तुला घर सोडता येत नव्हतं म्हणून चुलत दिराचा भावेश आला बरोबर. सकाळी गोळी दिली आणि दुपार टळेपर्यंत खुर्चीत बसवून ठेवलं. सिस्टर तासातासाला येऊन मनगट धरायच्या, रक्तदाब बघायच्या. दर वेळी ठोके जरा कमीच. भावेश त्यांना म्हणतो, "सिस्टर, काकीची नाडी मोखाड्याची हाय, तिला घाई नाय." त्याही हसल्या. संध्याकाळी परत पट्टी काढली आणि सोडलं.

आता मोठी गोळी चालू आहे. ताई, मला काहीच समजत नाही. डोकं जड होतं, ते गोळीनं की नागलीच्या शेतावर उन्हात बसले म्हणून? परवा सकाळी पाय हलके वाटले. न्हाणीपर्यंत भिंतीला हात न लावता गेले. लगेच मनात आलं, गोळी लागू पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकडाचे पाय. मग वाटलं, गोळीनंच बिघडले. पाकिटातला कागद बारीक अक्षरांचा, तो भिंग लावून वाचते. त्यात जे जे लिहिलं आहे ते सगळं मला होतं आहे असं वाटतं. वाचायला नसतं आलं तर निदान हे तरी नसतं झालं.

सासूबाई मात्र पक्क्या. सकाळी तांब्याभर पाणी घेऊन उभ्या. "घेतली का गो गोळी? तोंड उघडून दाखव." एकदा मी खरंच दाखवलं. मंगळी बघत होती, ती म्हणाली, सुनेला गोळी चारणारी सासू मी पहिल्यांदाच बघितली. सासूबाई तिला म्हणाल्या, "लेक गेला माझा. आता हिचे बी पाय गेले तर मला पोचवायला कोण येईल?"

रंजना


जव्हार
१३ ऑक्टोबर २०२४

चि. रंजनास,
आशीर्वाद.

आनंदाची बातमी. सुनेला काल मुलगा झाला. दोघं सुखरूप. सिझर झालं आहे, सून एकदोन दिवसांत घरी येईल. आता सव्वा महिना माझं पाऊल घराबाहेर पडणार नाही, रजा टाकली आहे.

सिस्टर म्हणाल्या, डिसेंबरात एकदा डोळे पुन्हा दाखवायचे. तू कागदावरचं सगळं आपल्यालाच होतंय असं समजू नकोस. त्रास झाला की तारीख घालून लिहून ठेव, तेवढं पुरे. हात भरलेले आहेत म्हणून थोडक्यात.

ताई


पोशेरा
२१ ऑक्टोबर २०२४

सौ. पुष्पलताताईस,

कळवायला वाईट वाटतं की आमच्या सासूबाई धोंडीबाई बुधवारी, सोळा तारखेला गेल्या.

ताप नाही, दुखणं नाही. सकाळी मला गोळी दिली. मग अंगणात नागलीची कणसं खुडत बसल्या. ऊन चढलं तेव्हा म्हणाल्या, "जरा पाठ टेकते." ओसरीवर आडव्या झाल्या. मी भाकरीला बोलावलं तर उठल्या नाहीत. हातात कणीस तसंच होतं. ते सोडवायला मंगळी लागली, माझे हात नीट वळत नव्हते.

त्यांचा लेक असता तर त्यानं केलं असतं. तो नाही, म्हणून त्याच्या जागी मी सुतकात बसले आहे. एक वेळ जेवण, खाली झोपणं, डोक्याला तेल नाही. चुलतसासूबाई गोदी म्हणाल्या, "देव झाकलाय ना? मग दवा बी झाकायची. बरं व्हायचं काय बी सुतकात घ्यायचं नाय." आमच्यात असंच चालतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळी सासूबाईंनीही स्वतःची दम्याची पुडी बंद ठेवली होती. मला बरं वाटलं नाही, पण त्यांच्यासाठी एवढंही करू नये का असं वाटलं. तेव्हा त्या दिवशी सकाळी घेतली ती शेवटची. त्यानंतर गोळी घेतलेली नाही.

खंड पडला तर कळवायचं, असं तू लिहिलं होतंस. म्हणून कळवते. बारावं रविवारी, सत्तावीसला आहे. सोमवारी सकाळपासून पुन्हा सुरू करीन म्हणते. मोठीच घ्यायची ना? बारक्या गोळ्यांचं पाकीट संपलं आहे, दुसरं माझ्याकडे नाही. सिस्टरांना विचार आणि ढवळूच्या हाती लगेच लिही. तुझ्याकडून काही उलट आलं नाही तर मोठी घेते.

पाय जड झाले आहेत. ते दुःखानं की गोळी बंद म्हणून, ते कळत नाही.

रंजना


जव्हार
२४ ऑक्टोबर २०२४

चि. रंजनास,

ढवळूनं दारातूनच हाक मारून वाईट बातमी आहे म्हणून सांगितलं. फार धक्का बसला. अगं, कशानं गेल्या? ताप होता का? दवाखान्यात नेलं होतं का? इतक्या खमक्या बाई, शंभरी गाठतील असं वाटायचं.

माझी अडचण तुला ठाऊक आहे. घरात बाळंतीण आणि दहा-बारा दिवसांचं पोर. मला तुझ्याकडे येता येत नाही, त्याची रुखरुख लागली आहे. तू धीर धर. त्यांनी तुला लेकीसारखं केलं. आता सकाळी पाणी घेऊन उभं राहायला कोणी नाही, तेव्हा तुझी तूच आठवण ठेव. तब्येतीला जप. गोळ्या चुकवू नकोस.

तुझी
ताई


पोशेरा
२८ ऑक्टोबर २०२४

ताईस,

आज सोमवार. काल बारावं झालं. सकाळी आंघोळ करून देव उघडला, तांब्यात पाणी घेतलं आणि मोठी गोळी हातावर घेतली. मंगळी शेजारी होती. मी म्हटलं, ताईचं पत्र आलं आहे, गोळ्या चुकवू नकोस म्हणते, म्हणजे घ्यायची. मंगळी म्हणाली, "मंग घे की. बाराव्यापर्यंत थांबलीस, आता कशाला बघत बसलीस? पाय बघ कसे झालेत."

पाय खरंच तसे झाले आहेत. काल पंगतीला माणसं वाढत होती आणि मला बसल्या जागेवरून उठता आलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, गेलेलं परत येत नाही. मग एकेक दिवस बिनगोळीचा जातो तो माझ्या पायांतूनच जातो ना? मला गोळीची घाई झाली आहे ताई, खोटं कशाला सांगू.

तरी तोंडात घालण्याआधी तुझं पत्र आणखी एकदा वाचलं. तू विचारतेस, कशानं गेल्या? ताप होता का? मी तर सगळं लिहिलं होतं. ताप नाही, दुखणं नाही, कणीस हातात. गोळी मोठी घ्यायची का हे विचारलं होतं, त्याचं तुझ्या पत्रात काहीच नाही. सिस्टरांचं नाव नाही. खंड पडला त्याबद्दल तू मला रागावलीही नाहीस. तू न रागावता सोडणारी नव्हेस.

मग माझ्या ध्यानात आलं. मरणाचं पत्र आपण घरात घेत नाही. दारात वाचायचं आणि फाडायचं. त्यात तुझ्या घरात बाळंतीण. ताई, तू माझं पत्र कुठपर्यंत वाचलंस?

तुझं "चुकवू नकोस" हे माझ्या विचारण्याला उत्तर आहे, की सगळे लिहितात तसं लिहिलं आहेस, ते मला समजत नाही. मी गोळी परत पाकिटात ठेवली आहे. मंगळी म्हणते, "पत्रात घे म्हणून लिहिलंय, तरी घेत नाय. वाचून वाचून हिचं डोस्कं फिरलंय."

म्हणून पुन्हा लिहिते. सोळा तारखेनंतर मी गोळी घेतलेली नाही. आता सुरू करायची तर कशी? या पत्रात कोणी गेलेलं नाही. हे घरात घेऊन वाच.

ढवळू निघाला आहे. त्याला सांगितलं आहे, उत्तर घेतल्याशिवाय यायचं नाही.

रंजना


जव्हार
२८ ऑक्टोबर २०२४

रंजना,

घेऊ नकोस. मोठी गोळी घेऊ नकोस. आधी हे वाच, मग खालचं.

सिस्टरांशी आत्ता बोलले. ढवळू ओट्यावर बसला आहे, तेवढ्यात लिहिते. सलग चार दिवस किंवा त्याहून जास्त राहिली की अंगाची सवय मोडते. मग एकदम मोठी घेतली तर हृदयाचे ठोके फार खाली जाऊ शकतात. तुझी नाडी तर आधीच हळू. पुन्हा बारक्या गोळ्यांपासून सुरुवात, आणि पहिल्या दिवशी पुन्हा तिथेच बसायचं. मी विचारलं, तोवर आणखी आठवडा जाईल, तिचे पाय? त्या म्हणाल्या, पायांसाठी घाई करून हृदय धोक्यात घालायचं नाही. दिवाळी झाली की सोमवारी, चार तारखेला बोलावलं आहे. नवं पाकीट तिथेच देतील. तोवर चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधार आला किंवा पाय अचानक जास्तच गेले, तर मोखाड्याच्या दवाखान्यात जा आणि गोळीचा कागद दाखव.

आता माझं ऐक. मी फक्त "गेल्या" एवढं वाचलं. आत पोर रडत होतं, ढवळू उभा होता. फाडलं आणि तुकडे गटारात टाकले, हातपाय धुऊन आत गेले. माझ्या आईनं तसंच केलं, तिच्या आईनं तसंच. खाली काही असेल हे मनातही आलं नाही. मरणाच्या पत्रात खाली काय असतं? देवाच्या मनात होतं, इतकंच की.

आणि तू तरी काय गं! मेल्याच्या पत्रात गोळीचं लिहायचं का? वेगळा कागद नव्हता घरात? आणि सुतकात औषध बंद! तुझ्या त्या गोदी सासूबाईंना जव्हारला आण एकदा, मी बोलते त्यांच्याशी. तुझ्या सासूबाई शेवटच्या दिवसापर्यंत तुझं तोंड उघडून बघत आल्या, आणि त्यांच्याच नावानं तू गोळी सोडलीस.

उद्या पुन्हा लिहीन. तू घेतली नाहीस ना? ढवळू म्हणतो, पाकिटात ठेवली हे त्यानं बघितलं. तरी मला तुझ्या हातचं पाहिजे.

ताई


पोशेरा
१० नोव्हेंबर २०२४

सौ. पुष्पलताताईस,
रंजनाचा नमस्कार.

आधी गोळीचं. सोमवारी नाशिकला जाऊन आले. पुन्हा पट्टी, पुन्हा बारकी गोळी, पुन्हा ती खुर्ची. या वेळी दुपारी ठोके पहिल्यापेक्षा खाली गेले, म्हणून संध्याकाळी सोडलं नाही, रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी बरोबर झाले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. सुतकाचं ऐकून त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे अशी रीत असते हे मला माहीत नव्हतं. आता प्रत्येकाला विचारीन." भावेश म्हणाला, "मॅडम, काकी एकटीच तुमचं रीतिरिवाजाचं पुस्तक हाय." बारक्या संपल्या, कालपासून मोठी चालू आहे. चक्कर नाही. दिसतं नीट.

पाय पूर्वीसारखे नाहीत. न्हाणीपर्यंत जायला आता एक हात भिंतीला आणि एक काठीला लागतो. हे त्या बंद दिवसांत गेलं, की तसंही जाणारच होतं, ते डॉक्टरबाईंनाही सांगता आलं नाही. मी विचारलं होतं.

तू पुढच्या तीन पत्रांत माफी मागितलीस. पुरे आता. मला तुझा राग नाही, का नाही ते सांगते.

आमचे हे रेतीच्या होडीवर कामाला होते तेव्हाचं तुला ठाऊक आहे. खाडीत बुडाले, त्याचं पत्र त्यांच्या जोडीदारानं पाठवलं होतं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. शाळेतले मास्तर अंगणात उभं राहून वाचायला लागले. "कळवायला वाईट वाटतं की नवसू..." एवढं वाचलं आणि थांबले. सासूबाई रडायला लागल्या. मास्तरांनी कागद फाडला. मी जवळ उभी होते. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता, ते मी बघितलं. फाडताना मागचं अक्षर दिसत होतं. तुकडे ओढ्याला गेले. मास्तरांनी रीतीप्रमाणेच केलं, त्यांची चूक म्हणता येत नाही.

पण इतकं काय लिहिलं होतं त्या माणसानं? बुडताना काही बोलले का, कोणी हात दिला का, माझ्यासाठी काही निरोप होता का? त्या जोडीदाराचा पुढे पत्ता लागला नाही. मग मी वाचायला शिकले. शेजारच्या पोरांच्या पुस्तकावरून, एसटीच्या पाट्यांवरून, गुळाच्या पुडीच्या कागदावरून. वाचायला आलं, पण वाचायचं होतं ते राहिलं नव्हतं. तेव्हापासून मी कुठलाही कागद खालपर्यंत वाचते. त्या सोमवारी गोळी हातावर असताना म्हणूनच थांबले.

सासूबाईंचा तांब्या मी त्याच जागी ठेवते. सकाळी मंगळी येते आणि त्यांच्यासारखंच ओरडते, "घेतली का गो?" तिला तारखा कळत नाहीत, पण घेतली की नाही एवढं कळतं. मी तोंड उघडून दाखवत नाही.

यापुढे पत्रात मी आधी गोळीचं लिहीन, मग पायांचं, मग शेताचं. कोणी गेलं असेल तर ते अगदी शेवटी लिहीन, म्हणजे तुला तिथपर्यंत यावं लागेल. माझंच असेल तर दुसरं कोणी लिहील, त्याला ही आपली नवी रीत ठाऊक नसेल. ते पत्र तू दारातच वाच, बाळाला आत ठेव. पण फाडायच्या आधी कागद उलटून बघ.

तुझी
रंजना